सरड्याचा रंग खोटा नसतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी येळ्ळूरची. घरी शिलाई करते, वडगाव-शहापूरच्या दुकानातनं साड्या आणून फॉल-पिको करून देते, ब्लाउज शिवते. पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. पंधरा दिवसांपूर्वी आपल्या पेपरात पक्ष बदलणाऱ्यांच्या बातमीला 'सरड्यासारखे रंग बदलले' असं ठळक हेडिंग होतं, आमच्या मामंजींनी ते सकाळी चहा पिता पिता सगळ्यांना वाचून दाखवलं, सगळे हसले, मी पण तेव्हा काही बोलले नाही. पण त्याच रविवारी आमच्या परड्यात जे झालं त्यामुळं लिहायला बसलेय.

माझा मुलगा आणि गल्लीतली आणखी तीन पोरं परड्यात ओरडायला लागली, "रक्तपित्या आलाय रे, मान बघ कशी लाल झालीया!" मी मशीन थांबवून बाहेर येईपर्यंत बेचकीतला दगड बसला होता. गडग्यावरचा सरडा खाली पडला होता, मागचे पाय हलत होते, तोंड उघडं. मी खाली बसले आणि बघत राहिले, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. त्याच्या डोक्यावरचा आणि खांद्यावरचा शेंदरासारखा लाल रंग माझ्या डोळ्यादेखत उतरत गेला, आधी कडेनं, मग मानेवरनं, गालावरचा काळा डाग तेवढा थोडा वेळ राहिला आणि शेवटी सगळं अंग वाळलेल्या शेणीसारखं राखट दिसायला लागलं. मुलाला विचारलं का मारलास, तर तो म्हणाला की तो लांबनंच आपलं रक्त ओढतोय म्हणून मान लाल होते, आणि रंग बदलून फसवतोय पण, आजोबांनी पेपरातलं वाचलं नव्हतं का.

मी त्याला काय बोलणार. मी निपाणीकडची, तंबाखूच्या शेतात वाढलेली. आमच्याकडं पोरं गवताच्या लांब काडीला फास करून सरडा धरायची, त्याच्या तोंडात तंबाखू कोंबायची आणि तो कसा थरथरतोय, कसा गोल फिरतोय ते बघत बसायची. मी फास टाकला नाही कधी, पण गोल करून उभ्या असलेल्या पोरांत मी पण असायची आणि टाळ्या पण वाजवल्यात. आमची आज्जी सांगायची की सरडा मान हलवायला लागला की तिथनं निघायचं, तो रक्त प्यायलाय म्हणून. हे सगळं आमच्याच घरातनं मुलापर्यंत आलंय, त्याच्या एकट्याचा दोष नाही.

पण हा सरडा माझ्या ओळखीचा होता. माझी मशीन परड्याकडच्या खिडकीला आहे, दिवसभर तिथंच बसलेली असते. पहिला वळीव पडून गेला तेव्हापासनं तो रोज गडग्याच्या टोकाच्या दगडावर यायचा. सकाळी सातच्या सुमाराला आला की काळपट, मळकट दिसायचा, अंग चपटं करून उन्हाकडं पाठ करून बसायचा. ऊन तापलं की त्याच अंगाचा रंग फिका व्हायचा, भुश्शासारखा. मला आधी वाटायचं की उन्हामुळं माझ्याच डोळ्याला तसं दिसतंय. मग एकदा ढगाळ दिवस होता, त्या दिवशी दहा वाजले तरी काळपटच होता. भाची बेळगावात बीएस्सी करतेय, झूलॉजी घेऊन, तिला विचारलं तर ती म्हणाली मावशी हे अगदी बरोबर आहे, सरड्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही, ती उन्हातनंच घ्यायची असते, मग सकाळी अंग काळं केलं की ऊन जास्त शोषलं जातंय आणि दुपारी फिकट केलं की कमी. काळी छत्री आणि पांढरी छत्री घेऊन भर उन्हात उभं राहिलं की आपल्याला पण कळतंय की.

आणि श्रावण आला की तो लाल व्हायचा. रोज नाही, दिवसभर पण नाही. मादी खालच्या पत्र्याजवळ दिसली किंवा पलीकडच्या शेवग्यावर दुसरा नर आला, की हा दगडावर चार पायांवर उभा राहून दंड मारल्यासारखं वर-खाली करायचा, गळा फुगवायचा आणि बघता बघता डोकं, मान, खांदे लाल. एकदा तो शेवग्यावरचा नर गडग्यावर आला. दोघं पण लाल. समोरासमोर अंग चपटं करून उभे, मग जबड्यात जबडा घालून झोंबाझोंबी, दोघं पण खाली मातीत. मी हातातलं ब्लाउज तसंच धरून बघत होते. जो हरला त्याचा लाल रंग आमच्या गडग्यावरनं उतरून तारेच्या कुंपणापर्यंत जाईस्तोवर गेला होता, नुसता तपकिरी होऊन गवतात शिरला. जिंकलेला मात्र तसाच लाल, परत टोकाच्या दगडावर. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असं आपण कुणालातरी कमी लेखायला म्हणतो, पण त्या कुंपणावर त्याचं सगळं असतं हो, तिथनंच तो आपली हद्द राखतो, तिथनंच मादीला दिसतो.

आता मला सांगा, ज्याला लपायचंय, फसवायचंय, तो गडग्याच्या सगळ्यात उंच दगडावर बसून लाल कशाला होईल? आमच्या परड्यात कावळे आहेत, भारद्वाज येतो, शिक्रा पण दोनदा झडप घालून गेलाय. लपायला त्याचा रोजचा मातकट रंग पुरेसा आहे, दगडावर बसला तर हाताच्या अंतरावरनं पण दिसत नाही. लाल होणं म्हणजे जीव धोक्यात घालून सगळ्यांना दिसेल असं सांगणं आहे, की मी इथं आहे, मी तगडा आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या लहान जातीच्या कॅमेलिऑनवर, म्हणजे आपण घोयरा म्हणतो त्या प्रकारच्या सरड्यांवर, २००८ साली एक अभ्यास छापून आला होता, भाचीनं मोबाईलवर काढून दाखवला. त्यात असं निघालं की ज्या जाती रंग जास्त बदलतात त्या वेगवेगळ्या रंगाच्या जागी राहतात म्हणून नव्हे, तर त्यांच्यात एकमेकांना दाखवायचे इशारे जास्त भडक आहेत म्हणून. म्हणजे रंग बदलायची ही कला लपायसाठी नाही, बोलायसाठी वाढत गेली. लपायला उपयोग होतच नाही असं नाही, पण मूळ कारण ते नव्हे.

मोबाईलवर ते व्हिडिओ फिरतात बघा, कॅमेलिऑन निळ्यावर ठेवला की निळा, गुलाबीवर ठेवला की गुलाबी, ते कॉम्प्युटरवर केलेले असतात. त्याला लाल लुगड्यावर ठेवलं म्हणून तो लाल होत नाही. तो घाबरला, तापला, गारठला, भांडायला उठला, मादी दिसली, आजारी पडला, ह्या गोष्टींनी त्याचा रंग ठरतो.

हे कातडीत होतं कसं, ते मला समजायला दोन दिवस लागले, पण समजल्यावर इतकं आवडलं की शेजारच्या अक्काला पण सांगितलं. काळं-फिकट होणं सोपं आहे. कातडीत खाली काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात, त्यांना फांद्या फुटल्यासारखे हात असतात. काळे कण पेशीच्या मध्यावर गोळा झाले की कातडी फिकी दिसते, तेच कण सगळ्या हातांत पसरले की काळी. बादलीत निळीचा खडा तळाला पडलेला असताना पाणी पांढरंच दिसतं आणि ढवळलं की सगळं निळं होतं, तसंच.

निळं-हिरवं-लाल होणं ही वेगळीच गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठातल्या लोकांनी मादागास्करच्या पँथर कॅमेलिऑनवर अभ्यास करून २०१५ साली ते दाखवून दिलं. त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अगदी बारीक स्फटिक ओळीनं मांडलेले असतात, माशाच्या खवल्याला जी चांदीसारखी चमक असते ती पण ह्याच ग्वानिनची. ह्या स्फटिकांना स्वतःचा रंग नाही. ते एकमेकांपासनं किती अंतरावर आहेत त्यावर कुठला रंग परत फिरवायचा ते ठरतं. आम्ही येळ्ळूरची माणसं, आम्हाला रोपलावणीवरनं लगेच कळतं, रोप दाट लावलं तर वावर लांबनं वेगळं दिसतं आणि पातळ लावलं तर वेगळं, रोप तेच. कॅमेलिऑन शांत असला की स्फटिक दाट असतात, निळा प्रकाश परत येतो, वर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो, निळा आणि पिवळा मिळून हिरवा. तोच दुसरा नर समोर आला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि तिथनं पिवळा, नारिंगी, लाल यायला लागतो, काही मिनिटांत. त्याच्या खाली आणखी एक थर आहे मोठ्या स्फटिकांचा, तो उन्हातली डोळ्याला न दिसणारी उष्णता परत फेकतो.

मी दिवसभर कापडातच असते म्हणून मला हे खरंच जवळचं वाटलं. शहापूरची धूपछाँव साडी हातात घेतली की पदर असा धरला तर मोरपंखी, तसा धरला तर जांभळा, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. गिऱ्हाईक बाई विचारते ब्लाउज कुठल्या रंगाचं लावू, आणि मी सांगते ताई उन्हात नेऊन बघा. त्या साडीला कुणी फसवी म्हणत नाही, उलट जास्त पैसे देऊन घेतात. मोराच्या पिसात पण निळं रंगद्रव्य नसतंच म्हणे, तिथं पण बारीक रचनेचाच खेळ. मोर म्हटलं की आपण हात जोडतो, सरडा म्हटलं की दगड.

बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये खडकावर राहणाऱ्या सरड्यांवर काम झालंय, दक्षिणेत मोठमोठ्या खडकांवर असतो तो. त्याच्या नराकडं दोन वेगळे पोशाख आहेत म्हणा ना. मादी समोर असली की पाठ लाल आणि कुशी काळ्या. दुसरा नर समोर असला की पाठ पिवळी आणि कुशी नारिंगी. एकच प्राणी, थोड्या वेळात, समोर कोण आहे त्याप्रमाणं. भाचीला मी म्हटलं हे तर आपण पण करतो की, मयताला जाताना आणि हळदीला जाताना एकच साडी नेसत नाही.

येमेनकडं एक कॅमेलिऑन असतो, डोक्यावर उंच तुरा असलेला, त्याच्यावरचा अभ्यास मला सगळ्यात जास्त लागला मनाला. दोन नर भांडायला उभे राहिले की ज्याच्या डोक्यावरचा रंग लवकर आणि जास्त उजळ होतो तो बहुतेक जिंकतो, म्हणजे अंगात जोर आहे का ते रंगच आधी सांगून टाकतो. आणि जो हरतो तो काळवंडतो. काळवंडणं म्हणजे बाबा मी हरलो, आता मारू नकोस. मग दुसरा सोडून देतो, पुढचा रक्तपात टळतो. आमच्या शेवग्यावरच्या त्या हरलेल्या नराचा रंग उतरला तो मी स्वतः बघितला होता, तेव्हा त्याचा अर्थ माहीत नव्हता.

रंग खरं बोलतो ह्याचं आणखी एक उदाहरण आपल्याच हायवेवरचं आहे. पुण्याला जाताना साताऱ्याच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्या दिसतात, तिथलं चाळकेवाडीचं पठार. तिथं गळ्याला पंख्यासारखी निळी-काळी-नारिंगी कातडी असलेले सरडे आहेत, नर ती उघडून मिटून दाखवतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या गटाला नवीन नाव दिलं ते 'सरडा' असंच, आपल्या मराठी शब्दावरनं, जगभरच्या पुस्तकात आता तोच शब्द आहे! दोन वर्षांनी त्याच पठारावरचा अभ्यास आला. पवनचक्क्यांमुळं शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी झाले, म्हणून सरडे वाढले, पण इतके वाढले की खायला पुरेना, अंगानं बारीक झाले आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला. उपाशी असेल तर तो भडक रंग दाखवू शकत नाही. खोटं बोलायची सोयच नाही त्याच्याकडं.

अक्का कन्नड बोलतात, त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या आमच्यात पण तसंच आहे, शब्द फिरवणाऱ्याला 'गोसुंबे' म्हणतात. गोसुंबे म्हणजे कॅमेलिऑन, आपण ज्याला घोयरा म्हणतो तो, परड्यातला साधा सरडा त्यांच्याकडं 'ओतिक्यात'. म्हणजे सीमेच्या ह्या बाजूला दोन भाषेत माणसं एकमेकांशी कशावरनं पण वाद घालतील, पण सरड्यावर आळ घ्यायला दोघं एक. अक्का आणि मी त्या दिवशी बराच वेळ हेच बोलत बसलो होतो.

घोयऱ्याचं पण सांगते. दोन वर्षांपूर्वी भाचीबरोबर स्कूटीवरनं खानापूरला जाताना रस्त्यात गर्दी दिसली. मध्ये घोयरा, एक पाय उचलून पुढं-मागं, पुढं-मागं झुलत, वाऱ्यानं पान हलावं तसा, रस्ता ओलांडायला निघालेला. पायाची बोटं दोन एकीकडं आणि तीन एकीकडं, चिमट्यासारखी, डांबरावर त्याला चालता येत नव्हतं. एक डोळा आमच्याकडं आणि एक मागं. कुणीतरी म्हणालं विषारी आहे, फुंकर मारली तरी माणूस जातो, आणि एकानं काठी उचलली. तसा तो फुगला, तोंड वासून फुस्स केलं आणि हिरवा होता तो गडद होऊन अंगभर काळे ठिपके आले. भाची पुढं झाली, तिनं सांगितलं की ह्याला विष नाही, आपल्या देशातल्या कुठल्याच सरड्याला विष नाही, पालीला पण नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ह्याला संरक्षण आहे, मारणं धरणं गुन्हा आहे. तीच काठी त्याच्यासमोर धरली, तो हळूच चढला, आणि कडेच्या करंजाच्या झाडावर ठेवला. आम्ही तिथंच थांबून बघितलं. ठिपके गेले, गडदपणा गेला, थोड्या वेळानं पानात तो कुठं आहे तेच आम्हाला सापडेना.

घाबरला होता तेव्हा काळा होता, भीती गेली तसा हिरवा झाला. ह्यात फसवणूक कुठं आहे? लहान मूल रडून लालबुंद होतं आणि आईनं घेतलं की परत पहिल्यासारखं होतं, तेवढंच ते.

माझ्या आपल्याकडं दोन मागण्या आहेत. एक म्हणजे माणसांनी शब्द फिरवला तर तसं सरळ लिहा, शब्द फिरवला, दगा दिला, मराठीत त्याला शब्दांची काही कमी नाही, पण हेडिंगात सरडा आणू नका. मला माहीत आहे की म्हण जुनी आहे आणि सगळेच वापरतात, पण पेपरात छापून आलेलं पोरांना खरं वाटतं, माझ्या घरात वाटलं. दुसरी म्हणजे रविवारच्या मुलांच्या पानावर एकदा परड्यातल्या सरड्याचा मोठा फोटो छापा, लाल मानेचा, आणि खाली लिहा की ह्याची मान रक्त पिऊन लाल झालेली नाही, तो मुंग्या, नाकतोडे, किडे खातो, भाताच्या बांधावर तो असलेला चांगला. त्याचं शास्त्रीय नाव १८०२ साली एका फ्रेंच माणसानं ठेवलंय, त्यात 'व्हर्सिकलर' असा शब्द आहे, म्हणजे नाना रंगांचा. त्यानं रंगच बघितले, आळ घेतला नाही. आमच्या भागातल्या मास्तर-बाईंनी पण वर्गात पाच मिनिटं हे सांगितलं तर फार होईल, पावसाळ्यातच सांगायला पाहिजे, कारण मान लाल असते तेव्हाच दगड पडतात.

मुलाला मी मारलं नाही. त्या सरड्याला आम्ही दोघांनी फणसाखाली पुरलं. आता शाळेतनं आला की तो माझ्या मशीनजवळ स्टुलावर बसतो आणि वहीत लिहितो, किती वाजता कुठला रंग. शेवग्यावरचा तो हरलेला नर आता टोकाच्या दगडावर यायला लागलाय. परवा वहीत लिहिलं होतं, 'साडेदहा, लाल, पण थोडाच.'

आणि मादी आहे अजून. गडग्याला लागून बांधकामाच्या लाल मातीचा ढीग आहे, मंगळवारी दुपारी ती त्यात पुढच्या पायांनी उकरत होती, अर्धी आत, शेपटी तेवढी बाहेर. बराच वेळ आत होती, मग बाहेर येऊन तिनं माती परत ओढली आणि डोक्यानं दाबून दाबून सारखी केली. अंडी घातलीत. आमच्या मालकांना ती माती पुढच्या आठवड्यात पायरीच्या भरावाला पाहिजे होती. मी सांगितलंय दसरा होईपर्यंत ढिगाला फावडं लावायचं नाही, आणि मुलानं तिथं चार काठ्या रोवून माझ्याकडची जुनी फॉलची पट्टी बांधलीय भोवतीनं.

आपली एक वाचक,
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव